ईनिअसच्या खांद्यावरील ओझें

महाकाव्याचा नायक प्रवासास निघाला, म्हणजे तो कशाच्या ओढीनें निघाला, हा प्रश्न श्रोत्याच्या मनांत सहजच उभा राहतो. होमरच्या युलिसिसला इथाका बेटावर, पत्नी आणि पुत्र यांच्याकडे परत जावयाचें असतें. प्रभु रामचंद्रांचा वनवास कितीहि खडतर असला, तरी चौदा वर्षांच्या अखेरीस अयोध्या त्यांची वाट पाहात असते. रोमन कवि व्हर्जिल याच्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याचा नायक ईनिअस याच्या नशिबीं मात्र हें सुख नाहीं. त्याचें ट्रॉय नगर जळून गेलें आहे. ज्या भूमीकडे जावयाचें, ती त्यानें कधीं पाहिलेली नाहीं. आणि तेथें जें रोमचें वैभव उदयास यावयाचें, तें त्याच्या हयातींत येणार नाहीं. मग त्याला पुढें नेणारें असें आहे तरी काय?

व्हर्जिलचा जन्म ख्रिस्तपूर्व ७० मधला, मँटुआ नगराजवळचा. रोमन लोकांचीं आपसांतलीं युद्धें पाहातच तो वाढला. त्या युद्धांच्या अखेरीस ऑगस्टस हा सत्ताधीश झाला, आणि त्याच्या राजवटींत व्हर्जिलनें हें १२ सर्गांचें काव्य रचिलें. ख्रिस्तपूर्व १९ मध्यें तो वारला, तेव्हां त्यावर शेवटचा हात फिरावयाचा राहिला होता. रोमच्या आद्य पुरुषाची कथा सांगावयाची, तर त्याला विजयाच्या लालसेनें निघालेला वीर करणें सोपें होतें. व्हर्जिलनें तसें केलें नाहीं.

ट्रॉय पडतें त्या रात्रीं ईनिअसची पहिली इच्छा लढतां लढतां मरण्याची असते. स्वप्नांत येऊन हेक्टरनें पळून जाण्यास सांगितलेलें असतें, तरीहि तो शस्त्र उचलून धांवत सुटतो. शेवटीं तो नगर सोडतो तो इतरांसाठीं. वृद्ध पिता अँकायसीझ याला तो खांद्यावर घेतो. पित्याच्या हातांत कुलदेवतांच्या मूर्ति असतात. लहानगा पुत्र अस्केनियस त्याचा हात धरून चालतो. आणि मागून येणारी पत्नी क्रेऊसा त्या गर्दींत कायमची हरवते. या वृत्तीला लॅटिन भाषेंत ‘पिएटास’ असें नांव आहे. देव, मातापितर, संतति आणि स्वजन यांचें आपणांवर असलेलें देणें ओळखून तें फेडीत राहणें, हा त्याचा अर्थ. नुसतें ‘भक्ति’ म्हटल्यानें तो पुरा होत नाहीं. आपल्याकडचा ‘ऋण’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो.

पण ऋण फेडणाऱ्याचें मन नेहमींच प्रसन्न नसतें. जूनो देवीच्या कोपानें समुद्रांत वादळ उठतें, तेव्हां ट्रॉयच्या तटाखालीं मेलेले वीर ईनिअसला भाग्यवान वाटतात. पुढें कार्थेज येथें राणी डायडो त्याला आश्रय देते आणि प्रेमहि देते. तेथें तो इतका रमतो, कीं देवदूत मर्क्युरी येतो तेव्हां तो कार्थेजच्याच इमारती उभारण्यांत गुंतलेला आढळतो. ज्युपिटरनें पाठविलेला निरोप येथें लक्षांत घेण्यासारखा आहे. स्वतःच्या कीर्तीची चाड नसेल, तर निदान पुत्राच्या वारशाची तरी असूं दे, असा त्याचा आशय. डायडोला उत्तर देतांना ईनिअस स्वच्छ सांगतो, कीं आपण इटलीला निघालों तें स्वेच्छेनें नव्हे. मनासारखें जगतां आलें असतें, तर आपण ट्रॉयच पुन्हा उभारलें असतें. तो निघून जातो, आणि डायडो त्याच्याच तलवारीनें प्राणत्याग करते. पुढें पाताळांत तिची छाया भेटते, तेव्हां तो रडतो, विनवितो. ती एक शब्दहि न बोलतां निघून जाते. एक ऋण फेडतांना दुसरें होतें, आणि तें कधींच फिटत नाहीं.

त्याच पाताळांत मृत पिता त्याला पुढें जन्मास यावयाचे रोमन पुरुष दाखवितो, आणि भावी कीर्तीची आवड त्याच्या मनांत चेतवितो. त्या मिरवणुकीच्या शेवटीं मात्र ऑगस्टसचा भाचा मार्सेलस उभा असतो. हा तरुण ख्रिस्तपूर्व २३ मध्यें अकालीं वारला होता. वैभवाचें दर्शन घडवितांनाहि कवि त्याची किंमत विसरूं देत नाहीं.

पुढें आठव्या सर्गांत देवी माता व्हीनस ईनिअसला एक ढाल आणून देते. तिच्यावर रोमचा सगळा भविष्यकाळ, ॲक्टियमच्या लढाईपर्यंत, कोरलेला असतो. त्या चित्रांचा अर्थ त्याला कळत नाहीं. तरी हर्षानें तो वंशजांचें भाग्य खांद्यावर घेतो. ज्या खांद्यावर एके काळीं पिता होता, त्यावरच आतां न पाहिलेली संतति येते. भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही वाहणारा हा पुरुष स्वतःसाठीं असा जवळजवळ जगतच नाहीं.

या काव्याचा शेवट म्हणूनच मनास अस्वस्थ करतो. पाताळांत पित्यानें रोमनांना उपदेश केलेला असतो, कीं शरण आलेल्यास अभय द्यावें. अखेरच्या द्वंद्वांत शत्रु टर्नस जखमी होऊन दयेची याचना करतो, आणि ईनिअसचा हात थांबतो. इतक्यांत टर्नसच्या अंगावरील पट्टा त्याच्या दृष्टीस पडतो. तो पट्टा तरुण पॅलसचा. टर्नसनें त्याला मारून तो घेतलेला. पॅलसचा वृद्ध पिता इव्हँडर यानें तर टर्नसचा प्राण हें ईनिअसकडील देणें म्हणूनच मागितलेलें असतें. एका पित्याचा उपदेश आणि दुसऱ्या पित्याचें देणें, अशा पेंचांत क्रोध उसळतो, आणि तलवार टर्नसच्या छातींत उतरते. टर्नसची छाया पाताळांत जाते, आणि काव्य तेथेंच संपतें. नव्या नगराचा पाया नाहीं, विवाहसोहळा नाहीं, जयघोषहि नाहीं.

तो शेवटचा वार ऋणाचा होता कीं क्रोधाचा, हा वाद आजहि मिटलेला नाहीं. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांचीं ओझीं वाहिलीं, त्याचें मन त्या भाराखालीं कसें होऊन जातें, याचें उत्तर कवीनें दिलें नाहीं. तें श्रोत्याच्या खांद्यावर ठेवून तो थांबला आहे.