आधी कळले असते तर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी औचित्याला धरून वाटणार नाही. परंतु ज्या प्रश्नावरून त्या मालिकेचे चाहते हमरीतुमरीवर आले, तो प्रश्न मुळात आपल्या माजघरातला आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हे धाडस.

'लॉस्ट' ही मालिका एबीसी वाहिनीवर 22 सप्टेंबर 2004 रोजी सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर 23 मे 2010 रोजी संपली. एक विमान अज्ञात बेटावर कोसळते, काही उतारू वाचतात आणि त्यांच्या आधीपासून तेथे राहणाऱ्या माणसांशी त्यांची गाठ पडते. त्या माणसांपैकी ईथन नावाचा एक जण उतारूंमध्ये बेमालूम मिसळतो आणि क्लेअर नावाच्या गर्भवतीस पळवून नेतो. पहिल्या पर्वातला खलपुरुष तो हाच. या अपहरणाला एक कारण आहे. बेटावर गर्भ राहिलेली स्त्री दिवस भरण्यापूर्वीच दगावते, असा तेथला अनुभव असतो. त्यावर उपाय शोधण्यासाठी ज्यूलिएट नावाच्या डॉक्टरीणबाईंना 2001 मध्ये फसवून बेटावर आणलेले असते. आणि त्यांना आणणाऱ्या मंडळींत ईथनही असतो. एवढा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा वाद त्यावरच उभा आहे.

आता 4 मार्च 2009 रोजी दाखविलेल्या 'लाफ्लर' या भागाकडे वळू. काळाच्या उलथापालथीत ज्यूलिएट आणि तिचे काही सोबती मागे फेकले जाऊन 1974 सालात येऊन पडतात. त्या वेळी बेटावर एका संशोधक संस्थेची वसाहत असते. तिचे नाव 'धर्मा' आणि तेथे अभिवादनाला 'नमस्ते' म्हणण्याची पद्धत. आपल्या कानांना याची गंमत वाटते. आपण कोण, कोठल्या काळातले, हे लपवून ही मंडळी तेथे राहतात. ज्यूलिएट वैद्यकी सोडून मोटारदुरुस्तीच्या कामाला लागते.

तीन वर्षे जातात. वसाहतीतील एमी गरोदर असते. तेथील बायका बाळंतपणासाठी बेट सोडून मुख्य भूमीवर जात. हे ऐकताच या सभागृहातील कित्येक माता-भगिनींना सातव्या महिन्यात माहेरी जाण्यासाठी केलेला दोन रात्रींचा रेल्वेप्रवास आठवला असेल. एमीचे जाणे मात्र राहून जाते. दिवस भरण्यास दोन आठवडे असताना कळा सुरू होतात, मूल पायाळू असते आणि तेथला डॉक्टर सांगतो की हे आपल्या आवाक्यातले नव्हे. ज्यूलिएट प्रथम नकार देते. या बेटावर तिच्या हातून एकही बाळंतीण सुखरूप सुटलेली नसते. तिचा सोबती सॉयर तिला म्हणतो, की ज्या कारणाने पुढे बायका दगावणार आहेत, ते कारण कदाचित अजून घडलेलेच नसेल. अखेर ज्यूलिएट शस्त्रक्रिया करते. मुलगा होतो, बाळ-बाळंतीण सुखरूप राहतात. डोळ्यांत पाणी आणून ज्यूलिएट बाहेर येते. दोन आठवड्यांनी दाखविलेल्या 'नमस्ते' या भागात ती एमीला बाळाचे नाव विचारते. उत्तर येते, ईथन.

येथे चाहत्यांत रण माजले. एक पक्ष म्हणाला, काळ हा दोराचा गुंडाळा आहे, गाठ सोडू म्हटले तर सुटणार नाही. ज्यूलिएट नसती तर ईथन जन्मता ना. ईथनची मंडळी नसती तर ज्यूलिएट बेटावर येती ना. बी आधी की झाड आधी, हा जुना प्रश्नच नव्या वेषात उभा राहिला. दुसरा पक्ष म्हणाला, मनुष्याला इच्छास्वातंत्र्य असेल तर ज्यूलिएटला 'नाही' म्हणता आले पाहिजे. आणि ती 'नाही' म्हणाली असती तर क्लेअर वाचली असती.

तिसरा पक्ष वैद्यकाचा. त्याचा तर्क असा: 1977 मध्ये बाळंतीण जगते, 2001 नंतर जगत नाहीत, म्हणजे विषाचे मूळ या दोन सालांच्या मधोमध कोठेतरी आहे. पुढे 13 मे 2009 च्या भागात त्याच 1977 सालात विद्युच्चुंबकीय शक्तीच्या साठ्यापाशी अणुबाँबचा गाभा ज्यूलिएटच्याच हातून फुटतो, तेव्हा या पक्षाने टाळ्या पिटल्या. जो रोग बरा करण्यास तिला आणले, त्याचे मूळ तीच ठरली, असा निष्कर्ष निघाला. 2010 मध्ये डीव्हीडी संचासोबत आलेल्या छोट्या पुरवणीत या शक्तीचा कोवळ्या गर्भावर अनिष्ट परिणाम होतो, असा ओझरता उल्लेख आहे खरा. पण तो साठा स्फोटापूर्वीही तेथे होताच, आणि एका सुखरूप बाळंतपणावरून सिद्धांत उभा राहत नाही. शिवाय मालिकेनेच आधी सांगितले होते, की धोका असतो तो मधल्या महिन्यांत. नवव्या महिन्यापर्यंत पोहोचलेल्या एमीने तो उंबरठा केव्हाच ओलांडलेला. मग ज्यूलिएट भ्याली कशाला? आमचे उत्तर साधे आहे. ज्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत रुग्ण गेले आहेत, तिचे भय तर्काची परवानगी मागत नाही.

कोणी वयाचाही हिशेब केला. 1977 चा जन्म म्हणजे 2004 मध्ये ईथन सत्तावीस वर्षांचा. आणि ती भूमिका करणारे विल्यम मॅपोथर यांचा जन्म 1965 चा! बेटाची हवा मानवली नसावी, एवढेच आम्ही म्हणू.

विनोद बाजूस ठेवू. दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यात एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. मूल पुढे दुष्ट निघणार म्हणून त्याच्या जन्माला हात लावू नये, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. तो कंसाचा न्याय आहे. कंसालाही भविष्य आधी कळले होते. त्याने देवकीची बाळे मारली, त्याने आकाशवाणी खोटी ठरली नाही. फक्त कंस कंस ठरला.

मालिकेच्या लेखकांनी हा न्यायही पडताळून पाहिला आहे. बेटावरील माणसांचा पुढे होणारा धूर्त म्होरक्या बेन 1977 मध्ये शाळकरी पोर असतो. सईद नावाचा उतारू भविष्य जाणून त्याला गोळी घालतो. जॅक हा निष्णात शल्यविशारद. त्या जखमी पोरावर शस्त्रक्रिया करण्यास तो नकार देतो. ज्यूलिएटला मात्र या वेळी सर्व ठाऊक असते. याच बेनने आपल्याला वर्षानुवर्षे अडकवून ठेवले, हे जाणूनही ती त्याचा रक्तस्राव थांबविण्यासाठी धडपडते आणि आपल्याने होत नाही असे दिसताच, त्याला बेटाच्या मूळ रहिवाशांकडे पाठविण्याचा मार्ग सुचविते. पोर जगते, आणि तेथूनच ते त्या लोकांचे होऊन जाते. सईदच्या गोळीने बेन मेला नाही. तिने त्याच्या पुढच्या वाटेला हातभारच लावला. ईथनच्या वेळी ज्यूलिएटला नाव ठाऊक नव्हते, बेनच्या वेळी होते. दोन्ही वेळी तिने समोरचे मूलच पाहिले. आमच्या मते चाहत्यांच्या वादाचे उत्तर येथे आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण 29 एप्रिल 2009 च्या भागात आहे. एलॉइज नावाच्या मातेला आपल्या मुलाचे भविष्य पक्के ठाऊक असते. 1977 मध्ये बेटावर तिच्याच हातून एक तरुण मारला गेलेला असतो आणि तो काळात मागे आलेला तिचाच मुलगा असतो. तरीही ती मुलाचा, डॅनियलचा, पियानो सोडविते, त्याला विज्ञानाला जुंपते आणि अखेर त्या बेटावर धाडते. जे घडले तेच घडले पाहिजे, अशी तिची श्रद्धा. तर्कात तिची चूक काढता येत नाही. पण सर्व ठाऊक असलेली ही आई आणि काहीच ठाऊक नसताना सुरी हाती घेणारी ज्यूलिएट, या दोघींत आपले मूल कोणाच्या हाती सोपवावे, असे विचारले तर या सभागृहात दुमत होणार नाही.

मित्रहो, आपण घरापासून दूर आलेली माणसे. 'ती बदली नाकारली असती तर', 'मुले गावीच वाढली असती तर', हा वाद आपल्या घरांतूनही रात्री जेवणानंतर चालतो. त्या वादातही मागे जाऊन गाठ सोडविण्याची इच्छा असते. आम्हांस तिची खंत नाही; जो मागे वळून पाहत नाही, त्याला घर कसले? परंतु त्या गाठीत आपली मुलेही गुंफलेली आहेत. या गावात झालेला जन्म, येथील शाळा, येथील भाषेत पाहिलेले पहिले स्वप्न, हे सारे वगळून गाठ सोडवावी, असे आपल्यापैकी कोणती आई म्हणेल?

भविष्य कळले म्हणून मनुष्य शहाणा होतोच असे नाही. कळा सुरू झाल्या असता जो दार उघडतो आणि पाणी तापवावयास ठेवतो, तो शहाणा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांना आजचा दिवस दिसत नव्हता. समोर होते ते एक लहानसे काम; ते त्यांनी हाती घेतले. आपण तेवढे केले तरी पुरे.