अडुळसा : गुण आणि मर्यादा



बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू भागात अडुळसा कुंपणाला का लावावा? पाणी बेताचे असले तरी तो तग धरतो आणि शेळी त्याला तोंड लावीत नाही. लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नावात घेतलेल्या 'अधातोडा' या शब्दाचा अर्थही, तमिळवरून, 'शेळी न शिवणारा' असाच सांगतात.

शेळीला नको असलेला हा कडू पाला आपण खोकल्यावर घेतो. पान तव्यावर गरम करून पिळावे आणि रस मधातून चाटवावा, ही आजीबाईंची रीत. याच पानातून १८८८ मध्ये हूपर यांनी एक अल्कलॉइड वेगळे केले. संस्कृत 'वासा'वरून त्याचे नाव व्हॅसिसीन. ते श्वासनलिका सैल करते, असे प्रयोगांत दिसले आहे. त्याच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. आजीबाईंच्या बटव्याला तेव्हा आधार होता.

परंतु हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचनही घडविते. म्हणून गर्भवतीला अडुळशाचा काढा देऊ नये. 'झाडपाल्याने अपाय होत नाही' ही समजूत येथे महागात पडेल. दुसरे असे की, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो. तेव्हा रस चाटवीत दिवस घालवू नयेत. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तेथे ही तपासणी मोफत होते.

कुंपणावरचा अडुळसा राखाच. मात्र घरात गर्भवती असेल, तर ही गोष्ट तिच्या सासूबाईंच्या कानावर आजच घाला.