नाममुद्रा आणि मालकी



दिल्लीत मराठी साहित्याचा मांडव पडला की बोलण्याचे विषय बहुधा आधीच ठरलेले असतात. पानिपत, अटक, महादजी शिंदे आणि आता अभिजात दर्जा. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली या शहरात अखिल भारतीय संमेलन भरले आणि त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, २०२५ मध्ये, तालकटोरा स्टेडियमवर डॉ. तारा भवाळकर अध्यक्षस्थानी बसल्या. लोकसाहित्याची अभ्यासक त्या खुर्चीवर आली, म्हणजे मौखिक परंपरेला मानाचे पान मिळाले असे आपण म्हणालो. मग त्याच न्यायाने या शहरात आज तोंडाने रचली आणि तोंडाने म्हटली जाणारी जी कविता आहे, तिची दखल घेणे भाग आहे. ती टिळक नगरच्या गल्ल्यांत आहे, खिडकी एक्स्टेन्शनच्या खोल्यांत आहे, नोएडा-गुरुग्रामच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गादी भिंतीला टेकवून केलेल्या स्टुडिओंत आहे. तिला रॅप म्हणतात. ती रचणाऱ्या मुलामुलींपुढे आज जो प्रश्न आहे तो प्रतिभेचा कमी आणि पोटापाण्याचा जास्त आहे, आणि माझे म्हणणे असे की तो मुळात लेखकाचा प्रश्न आहे. म्हणून तो साहित्याच्या व्यासपीठावरच मांडला पाहिजे.

आधी थोडा इतिहास. दिल्लीच्या रॅपची पहिली लाट देशाला ठाऊक आहे. हनी सिंग, बादशाह, रफ्तार, इक्का ही 'माफिया मुंडीर' या टोळक्यातली मंडळी. त्यांची वाट पंजाबी पॉपमधून हिंदी चित्रपटाकडे गेली, कारण त्या काळी नाव आणि पैसा दोन्ही तिथेच होते. त्याच काळात 'प्रॉझ्पेक्ट' नावाने सुरुवात करून पुढे 'कृष्णा' झालेला रॅपर अनेक वर्षे या झोतापासून दूर राहून लिहीत होता. दुसरी लाट २०१७ च्या सुमारास आली. उदय कपूर आणि मो जोशी यांनी 'आझादी रेकॉर्ड्स' सुरू केली, टिळक नगरच्या प्रभ दीपचा 'क्लास-सिख' त्याच वर्षी आला. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या जखमा आणि अमली पदार्थांत बुडालेली पिढी त्याने पंजाबीत मांडली. पुढच्या वर्षी 'सीधे मौत' या जोडीचा, म्हणजे काम (Calm) आणि एन्कोर एबीजे यांचा, 'बयान' आला. दोन्हींचे संगीत सेझ ऑन द बीट या दिल्लीच्याच प्रोड्यूसरचे. मुंबईच्या गल्ली रॅपचा झेंडा ठरलेल्या २०१५ च्या 'मेरे गली में'चे संगीतही त्याचेच, ही गोष्ट मुंबईकर सहसा सांगत नाहीत. पुढे 'गली बॉय'ने २०१९ मध्ये मुंबईच्या रॅपला पडदा दिला. दिल्लीच्या या मंडळींना तसा पडदा मिळाला नाही. त्यांनी अल्बमवर अल्बम काढले. सीधे मौतचा 'नायाब' २०२२ चा, आणि २०२३ चा 'लंच ब्रेक' तर तीस गाण्यांचा. रील तीस सेकंदांचे असण्याच्या काळात तीस गाणी एकदम काढणे हा धंद्याच्या सल्लागारांना वेडेपणा वाटेल. पण त्यांचा श्रोता हा वाचकासारखा आहे, तो पुस्तक पुरे करतो.

हे सगळे कशामुळे घडले, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: स्वस्त इंटरनेट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, फोनवर यूट्यूब आले आणि रॅपर झाले. यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेल्या अर्ध्यासाठी याच शहराचा चाळीस वर्षांपूर्वीचा इतिहास पाहावा लागतो. दर्यागंजमध्ये फळांच्या रसाच्या दुकानातून सुरुवात केलेल्या गुलशन कुमारांनी ऐंशीच्या दशकात सुपर कॅसेट्स उभी केली, तिचे केंद्र पुढे नोएडात गेले. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, हरियाणवी, भोजपुरी, ब्रज, गढवाली, भजने, कव्वाल्या यांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचे 'कॅसेट कल्चर' हे १९९३ चे पुस्तक या उलथापालथीचा उत्तम आलेख आहे. पण याच काळात जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटींचा पूर आला; प्रताधिकार कायद्यातल्या एका सवलतीच्या आधारे मूळ हक्कदाराला किरकोळ रक्कम दिली की काम भागत असे. नव्या गायकांना दार उघडले खरे, पण घर कंपनीच्या नावावर राहिले. ध्वनिमुद्रणाचा खर्च उतरतो तेव्हा आत येणाऱ्यांची गर्दी वाढते. मालकी कोणाची हे तंत्रज्ञान ठरवत नाही, ते कागद ठरवतो. कॅसेटच्या युगाचा हा धडा स्ट्रीमिंगच्या युगाला शब्दशः लागू आहे.

आणि इथे आपली परंपरा कामाला येते. तुकोबांपासून पठ्ठे बापूरावांपर्यंत आणि वामनदादा कर्डकांपर्यंत मराठी रचनाकार शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत आला. छापखाना नसलेल्या, मुखोद्गत जगात ती नाममुद्रा म्हणजे लेखकाची सही होती. रॅपर नेमके तेच करतो: गाण्यात नाव घेतो, मोहल्ला सांगतो; बीट, म्हणजे शब्दांखालचे संगीत, बनवणारा प्रोड्यूसर पहिल्या काही सेकंदांत आपल्या नावाचा 'टॅग' वाजवतो. पण मुद्रा श्रेय राखते, पैसा राखत नाही. वामनदादांची हजारो गाणी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत, गायनपार्ट्यांत, कॅसेटींवर आणि आता मोबाइलवर गेली. बहुतेकांत 'वामन' होता. त्या प्रसाराच्या प्रमाणात वामनदादांच्या घरी काय आले, हे त्यांच्या हालअपेष्टांच्या कहाण्या ऐकलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. शाहिरांनी श्रेयाची तजवीज केली होती, मिळकतीची तजवीज त्यांच्या हातात नव्हती. आजच्या रॅपरच्या हातात ती आहे, निदान कायद्याने तरी.

२०१२ च्या प्रताधिकार दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर संसदेत आणि बाहेर झगडले, एक मोठी गोष्ट केली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला आणि संगीतकृतीच्या संगीतकाराला रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क वारस किंवा अधिकृत प्रताधिकार संस्था सोडून कोणालाही लिहून देता येणार नाही असे ठरवले. 'मी सगळे सोडून देतो' अशी सही केली तरी तो भाग टिकत नाही. कायद्याच्या लेखी रॅपचे शब्द साहित्यकृतीच आहेत, हे आपल्या समीक्षेच्या आधी संसदेने मान्य केले. शिवाय करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन ध्वनिमुद्रण केले तो त्या मुद्रणाचा निर्माता, म्हणजे खोलीत स्वतःच्या खर्चाने माइक लावणारा मुलगा हा पहिला मालक आहे. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून आणलेल्या माइकने तो एक मालमत्ता तयार करत असतो.

पण हे ठाऊक किती जणांना? एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द-सुरांची रचना आणि तिचे मुद्रण. दोन्हींचा पैसा वेगळ्या नळातून येतो. डिस्ट्रिब्यूटर कंपनी गाणे सगळ्या अ‍ॅपांवर चढवते आणि मुद्रणाचा पैसा आणून देते. रचनेचा पैसा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून येतो, आणि तोही सभासद होऊन प्रत्येक गाणे नोंदवले तरच. डिस्ट्रिब्यूटरकडे गाणे दिले की सगळे आले, असे समजणारा रॅपर अर्धी मजुरी खिडकीवरच सोडून येतो. दुसरी गफलत बीटची. इंटरनेटवरून स्वस्तात घेतलेली बीट बहुतेक वेळा भाड्याची असते. तीच इतर दहा जणांना दिलेली असते, अनेकदा ठरावीक ऐकण्यांपुरतीच. गाणे चालले की मग बीटवाल्याचा फोन येतो. तिसरी गफलत मैत्रीची: चार दोस्तांनी रात्रभर बसून गाणे केले, कोणाचा किती वाटा ते लिहिले नाही, आणि दोन वर्षांनी गाणे जाहिरातीत जाऊ लागले की दोस्ती संपते. वाट्याचा एक कागद, चार नावे, चार टक्केवाऱ्या आणि चार सह्या, याला खर्च शून्य आहे. भूमिगत रॅपच्या जगात 'कागद मागणे' म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी एक भोळी समजूत आहे. आपल्या नाटकाच्या आणि तमाशाच्या फडांतही ती होती, आणि तिने कोणाचे भले केले ते आपण जाणतो.

यावर आक्षेप येईल की ही मालकी नावापुरती आहे. खरे मालक तर प्लॅटफॉर्म आहेत. आक्षेप खोटा नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक एका आदेशाने गेले आणि लाखोंचे प्रेक्षक त्याबरोबर गेले. २०२४ मध्ये रेसो आणि विंक ही गाण्यांची अ‍ॅपे बंद झाली. त्याच वर्षापासून स्पॉटिफायने बारा महिन्यांत हजार ऐकण्यांखाली असलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टी देणे थांबवले, म्हणजे उंबरठ्यावरचा नवखा कलावंत सगळ्यात आधी वगळला. पण या उदाहरणांनी माझेच म्हणणे बळकट होते. दुकान बंद पडते तेव्हा ज्याचा माल स्वतःचा आहे तो दुसऱ्या दुकानात जातो; ज्याने माल लिहून दिला आहे तो दुकानाबरोबर बुडतो. प्रभ दीप काय किंवा सीधे मौत काय, आझादीपासून पुढे वेगळे झाले तरी त्यांचा श्रोता त्यांच्याबरोबर चालत गेला. कंपनीशी करार करूच नये असे मी म्हणत नाही. स्टुडिओ, प्रसिद्धी, दौरे यांना भांडवल लागते. काय दिले, किती वर्षांसाठी दिले आणि परत केव्हा मिळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर असतील तर मोठ्या कंपनीशी करार करणाराही स्वतंत्र राहू शकतो. ती नसतील, तर 'इंडिपेंडंट' हा शब्द टी-शर्टवर छापून उपयोग नाही.

दुसरा आक्षेप या सभागृहातलाच आहे: शिव्या, बढाई, बाईविषयीचा हीन सूर, याला साहित्य का म्हणायचे? बाईविषयीच्या सुराबद्दल मी कोणतीही सवलत मागणार नाही. तो अनेक गाण्यांत आहे आणि तो वाईट आहे. पण कठोर समीक्षा ज्याला लेखन मानले त्याचीच होते. आपण दुर्लक्ष करतो तेव्हा रॅपरला एकच समीक्षक उरतो, लाइकचा आकडा, आणि त्या समीक्षकाला हीन सूर आवडतो. बढाईचे म्हणाल, तर शाहिरी सवाल-जवाबाचा तो प्राण होता.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. मालकी राखायला थांबण्याची ऐपत लागते. ज्याच्या बापाचे घर आहे तो चांगल्या कराराची वाट पाहू शकतो. ज्याला महिन्याचे भाडे भरायचे आहे तो समोर येईल त्यावर सही करतो. ईथिराज गॅब्रिएल दत्तात्रेयन यांचे 'द ग्लोबली फॅमिलिअर' हे २०२० चे पुस्तक दिल्लीच्या शहरी खेड्यांतल्या, स्थलांतरित कुटुंबांतल्या हिप-हॉप करणाऱ्या तरुणांवर आहे. फोन आणि इंटरनेट त्यांना जगाशी जोडतात, पण शहरातली त्यांची जागा तेवढ्याने पालटत नाही, हे त्यातून दिसते. तेव्हा सर्वांना रॅपवर जगता येईल असे आश्वासन कोणी देऊ नये. मराठी कवितेवर तरी किती जण जगले? नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि त्या पगारावर कविता उभी राहिली. नोकरी सांभाळून रॅप करणारा कॉल सेंटरमधला किंवा डिलिव्हरीवरचा मुलगा अर्धवट कलावंत ठरत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी मालकी अधिक मोलाची. पाच वर्षे नोकरी करत काढलेली तीस गाणी त्याच्या नावावर असतील, तर एकतिसावे चालल्यावर आधीच्या तिसांचाही पैसा त्याच्याकडे येतो. ऐपत नसलेल्याला सल्ला फुकट मिळाला पाहिजे, एवढाच या आक्षेपाचा निष्कर्ष निघतो, आणि तो देणे आपल्या आवाक्यात आहे.

मराठी रॅप आता परका राहिलेला नाही. मुंबईच्या 'स्वदेसी'ने प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' केले, एमसी मवालीचे मराठी शब्द आरेच्या जंगलासाठी उभे राहिले. त्याच चमूचा 'चेतावनी' हा अल्बम २०२० मध्ये दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सने काढला. २०२४ मध्ये श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांचे 'तांबडी चामडी' एका डच कंपनीमार्फत जगभर वाजले. अमरावतीचा रॅपर सौरभ आपल्या बोलीत लिहितो. ही मुले आपल्याकडे मानधन किंवा शाल-श्रीफळ मागायला आलेली नाहीत.

त्यांना लागतो तो कागद, आणि त्यासाठी या संमेलनापुढे मी एक ठराव ठेवतो. आपल्या साहित्य संस्थांनी दोन पानांचा नमुना करार सोप्या मराठीत तयार करावा. त्यात मुदत, प्रदेश, रचनेचा वाटा, मुद्रणाचा वाटा, बीट कोणाची आणि हक्क परत केव्हा, एवढी सहा कलमे असावीत. त्याची हिंदी प्रत दिल्लीतल्या मुलांसाठी काढावी. वर्षातून दोनदा प्रताधिकार जाणणारा वकील आणि सोसायटीचे सभासदत्व कसे घ्यायचे हे दाखवणारा माणूस, असे दोघे एका टेबलावर बसवावेत, आणि शेजारी लॅपटॉप ठेवावा, म्हणजे अर्ज तिथेच भरून होईल. कवितासंग्रह स्वखर्चाने छापून प्रकाशकाच्या पावतीवर न वाचता सही करणाऱ्या आपल्या कवींनीही त्या रांगेत उभे राहायला हरकत नाही. ठरावाला अनुमोदक हवा आहे.