दुखणे सांगायचे कोणत्या भाषेत?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी गोड बोलावे अशी रीत आहे. पण मला दवाखान्याविषयी बोलायचे आहे.

आपल्या खांडबाऱ्यात बाजाराच्या दिवशी मावची, भिली, अहिराणी, गुजराती अशा कितीतरी बोली कानांवर पडतात. मिरची घेणारीला आणि विकणारीला एकमेकींचा भाव बरोबर कळतो. अडते ते दवाखान्याच्या दारात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात दर शंभरांत ६९ माणसे आदिवासी आहेत. डॉक्टर बहुधा बाहेरगावचे, मराठी-हिंदी बोलणारे. त्यांनी विचारले की पाड्यावरची बाई मान हलवते. ती समजले म्हणून हलवते असे नाही. मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून हलवते!

आमच्या ओळखीच्या एका म्हातारीने क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांतच सोडल्या. खोकला थांबला, मग गोळ्या कशाला? साध्या क्षयालासुद्धा निदान सहा महिने औषध घ्यावे लागते. हे तिला सांगितले नव्हते असे नाही. सांगितले होते, पण मराठीत. मी तिच्याशी मावचीत बोलले. म्हटले, तण वरून खुडले आणि मूळ राहिले, तर पाऊस पडताच काय होते? ती चटकन म्हणाली, दुप्पट वाढते. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. थुंकी पुन्हा तपासली आणि औषध पुन्हा सुरू झाले.

कोणी म्हणेल, घरचे माणूस असतेच की बरोबर. असते, पण पुष्कळदा तो शाळेत जाणारा मुलगा असतो. पाळीचे किंवा अंगावरून जाण्याचे दुखणे आई मुलाच्या तोंडून कसे सांगणार? ती पोट दुखते एवढेच सांगते, आणि पोटाची गोळी घेऊन घरी जाते.

सिकलसेलचे तर फार जपून सांगावे लागते. आपल्या भागात तो पुष्कळ आहे. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. हे अर्धवट कळले की सारा दोष सुनेच्या माथी येतो. दोघांकडून येते, हा एक शब्द तिच्या सासूच्या भाषेत सांगितला, तर सुनेचा संसार वाचतो.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा ते लोकांनाच विचारले. म्हणून तिथे झोपड्यांसारखी घरे आहेत, नातेवाईक रोग्याजवळ राहतात, आणि नाव आहे त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. आपल्याकडे याहामोगीला मानणारी माणसे ‘ए, तिकडे बस’ ऐकून परत जातात. म्हाताऱ्या माणसाला अहोजाहो करायला काय खर्च येतो?

२००५ पासून आशाताई आहेत. त्या गावातल्याच, बोली जाणणाऱ्या. पण प्रत्येक रोग्याबरोबर त्या किती धावणार? म्हणून माझी सूचना अशी की, आपल्यापैकी ज्यांना मावची येते त्यांनी बाजाराच्या दिवशी, डॉक्टरांच्या परवानगीने, पाळीपाळीने दवाखान्यात दोन तास बसावे. रोगी जे बोलेल तेच सांगावे, पदरचे घालू नये. आणि तिथे ऐकलेले नळावर आणू नये. (हसू नका, हेच सर्वांत अवघड आहे.)

नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. माझे त्यांनी लिहून घेतले आहे.