ज्याची जशी प्रकृती, तसा त्याचा व्यायाम
(वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. सारी हयात मराठी आणि गणित शिकविण्यात गेली. जोडीला कवायतीचा तास असे. या व्यासपीठावरून पूर्वी मोठमोठ्या विद्वानांनी शिक्षणाविषयी व नोकरीधंद्याविषयी मौलिक विचार मांडले आहेत. त्यांची री ओढण्याऐवजी मी एका लहानशा, परंतु माझ्या मते फार महत्त्वाच्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे महाविद्यालयात शिकविला जाणारा शारीरिक सुदृढतेचा अभ्यासक्रम. आणि त्यातही, प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रकृतीप्रमाणे आखलेला अभ्यासक्रम.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये आपल्या राज्यातील विद्यापीठांनी पदवी-शिक्षणाची जी नवी रचना स्वीकारली, तीत आरोग्य, योग, क्रीडा व सुदृढता या विषयांना श्रेयांक मिळतात. पूर्वी मैदान हे अभ्यासाच्या बाहेरचे मानले जाई. आता ते अभ्यासाच्या आत आले आहे. परंतु आपल्या घरांतून काय ऐकू येते? 'असला विषय कशाला घेतोस? त्यापेक्षा संगणकाचा एखादा वर्ग कर.' मुलगी असेल तर आणखी एक वाक्य पुढे येते, 'उन्हात धावून काळी पडशील.' मुलांच्या हिताच्या कळकळीनेच आईबाप हे बोलतात, याविषयी मला शंका नाही. तथापि कळकळीला माहितीची जोड नसेल, तर तीही नुकसान करू शकते.

प्रथम हे पाहू की, 'ज्याचा त्याचा व्यायाम' ही कल्पना परकी आहे काय? मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत व्यायामाचा विचार करताना वय, बल, शरीर, देश, काळ आणि आहार यांचा विचार करूनच व्यायाम करावा, असे सांगितले आहे. आणि तोही आपल्या शक्तीच्या निम्म्याने. याहून अधिक नेमके धोरण आजचे शास्त्र तरी काय सांगणार? आपल्या तालमीतील वस्तादही हेच करीत. नव्याने आलेल्या पोराला ते पहिल्याच दिवशी शंभर जोर काढावयास लावीत नसत. त्याची छाती, खांदे, दम पाहून आकडा ठरत असे आणि पोरगा रुळला की तो हळूहळू चढत असे. ही दृष्टी हरपली ती कवायतीत. एक शिट्टी, एक हुकूम आणि साठ मुलांचे एकच काम! कवायतीने शिस्त येते, हे मी स्वानुभवाने सांगतो. परंतु साठ मुलांना एकाच मापाचा सदरा शिवला, तर तो पाचदहा जणांनाच नीट बसणार.

महाविद्यालयाच्या पातळीवर या कल्पनेला शास्त्रीय रूप प्रथम अमेरिकेत आले. तेथील ॲमहर्स्ट महाविद्यालयात १८६१ पासून डॉ. एडवर्ड हिचकॉक यांनी विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे काम हाती घेतले. ते विद्यार्थ्यांची उंची, वजन, छाती, दंड यांची मापे घेऊन त्यांची नोंद ठेवीत. त्यापुढचे पाऊल डॉ. डडली सार्जंट यांनी टाकले. तरुणपणी कसरतपटू म्हणून नाव काढलेले हे गृहस्थ पुढे वैद्यकीची पदवी घेऊन १८७९ मध्ये हार्वर्डला आले. त्यांच्या व्यायामशाळेत आलेल्या विद्यार्थ्याची आधी तपासणी होई, मापे घेतली जात, हृदय व फुप्फुसे पाहिली जात. आणि मग वैद्याने औषधाची चिठ्ठी द्यावी, तशी त्याला व्यायामाची चिठ्ठी मिळे. जड वजन उचलण्याची ताकद नसलेल्यांसाठी त्यांनी कप्प्यांची यंत्रे तयार केली, ज्यांत वजन कमीजास्त करता येई. त्यामुळे बलवानाच्या शेजारी उभा राहून दुर्बळही निःसंकोच व्यायाम करू शके. मातांनो, हेही ध्यानी घ्या की, या सार्जंट महाशयांनी १८८१ च्या सुमारास स्त्रियांच्या व्यायामाची आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय केली होती.

पुढील शतकात या चिठ्ठीला आकड्यांचा आधार मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना एक साधे माप वापरले : जे वजन दहा वेळा उचलता येते, पण अकराव्यांदा येत नाही, ते त्या माणसाचे आजचे माप. ताकद वाढली की माप वाढवावयाचे. १९५३ मध्ये क्राउस आणि वेबर यांच्या सहा सोप्या कसोट्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत निम्म्याहून अधिक अमेरिकन मुले एका तरी कसोटीत नापास झाली होती, तर युरोपातील मुलांत हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होते. मोटारी आणि सुबत्ता यांनी शरीर कसे सैलावते, हे पाहून तो देश हादरला आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तरुणांच्या सुदृढतेसाठी खास परिषद नेमली. १९६८ मध्ये डॉ. केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक निघाले. बारा मिनिटांत आपण किती अंतर तोडतो, यावरून दमाचे माप काढण्याची त्यांची कसोटी आज आपल्याकडील मैदानांवरही वापरली जाते.

आता गणिताच्या मास्तराला थोडे गणित करू द्या. फिनलंडचे कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये नाडीच्या ठोक्यांवरून व्यायामाचा जोर ठरविण्याची रीत मांडली. समजा, अठरा वर्षांचे दोन विद्यार्थी आहेत. २२० तून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा ढोबळमानाने मिळते. म्हणजे दोघांचीही २०२. पहिल्याची नाडी सकाळी स्वस्थ पडून असताना मिनिटास ८२ पडते, दुसऱ्याची ६२. पहिल्याजवळ शिल्लक राहिले १२० ठोके, दुसऱ्याजवळ १४०. दोघांनीही शिलकीच्या ६० टक्के जोराने व्यायाम करावयाचा ठरविला, तर पहिल्याचे ७२ आणि मूळचे ८२ मिळून १५४. दुसऱ्याचे ८४ आणि ६२ मिळून १४६. वय एक, वर्ग एक, तरी आकडे निराळे! गंमत अशी की, पहिला केवळ भरभर चालूनच १५४ वर पोहोचेल आणि दुसऱ्याला १४६ साठी पळावे लागेल. आता दोघांनाही शिट्टी वाजवून एकाच वेगाने पिटाळले, तर पहिल्याच्या जिवाला त्रास आणि दुसऱ्याला काहीच लाभ नाही. २२० चा आकडा सरासरीचा आहे, माणसामाणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक पडतो. म्हणून आकड्याबरोबर श्वासाकडेही पाहावे. बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला की व्यायाम मध्यम समजावा.

अशा अभ्यासक्रमाची सर्वसाधारण मांडणी पुढीलप्रमाणे असते. आरंभी पूर्वीचे आजार, दमा, घराण्यातील मधुमेह वा हृदयविकार यांची विचारपूस होते. मग उंची, वजन, कमरेचा घेर, नाडी, रक्तदाब, दम, ताकद आणि लवचिकपणा यांची मोजदाद होते. त्यावरून विद्यार्थी शिक्षकाच्या साहाय्याने आपले उद्दिष्ट ठरवितो. कोणाला वजन उतरवावयाचे असते, कोणाला वाढवावयाचे, कोणाला पोलीस भरतीची तयारी करावयाची असते, तर कोणाला नुसता जिना चढताना दम लागू नये एवढेच हवे असते. रोजच्या व्यायामाची वही ठेवावयाची आणि सत्राच्या शेवटी तीच मोजदाद पुन्हा करावयाची. विद्यार्थ्याची तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्याच पहिल्या आकड्याशी!

येथे गुणदानाचा एक पेच आहे. सारे गुण केवळ सुधारणेवर ठेवले, तर हुशार पोरे पहिल्या दिवशी मुद्दाम हळू धावतील. आणि जो मूळचाच तयार आहे, त्याला वाढीस वाव थोडा, म्हणून त्याचे नुकसान. यासाठी नियमितपणा, वहीची सचोटी आणि विषयाची समज यांना गुण देणे हाच न्याय्य मार्ग होय. विद्यार्थिमित्रांनो, वहीत खोटा आकडा लिहाल तर गुण कदाचित मिळतील. पण शरीर ती वही वाचत नसते.

हे सारे मी का सांगत आहे? माझी एक माजी विद्यार्थिनी, आपल्याच समाजातील मुलगी, महाविद्यालयात गेली. नाव आणि गाव मी सांगत नाही. तेथे पहिल्याच आठवड्यात सर्वांना मैदानाला सारख्याच फेऱ्या मारावयास लावल्या. तिसऱ्या फेरीत तिला भोवळ आली. मैत्रिणी हसल्या, घरची मंडळी घाबरली आणि 'आपल्या मुलींचे हे काम नव्हे' असा निर्णय झाला. ती अभ्यासातही मागे पडू लागली, वर्गात डुलक्या घेऊ लागली, तेव्हा तिच्या मामांनी आग्रहाने रक्त तपासविले. रक्तद्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन १२ हवे, ते ८ च्या आत निघाले. औषधोपचार झाला, आहार सुधारला. पुढील सत्रात नव्या शिक्षिकेने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून तिला रोज दहा मिनिटे चालण्यापासून प्रारंभ करून दिला. वर्षाअखेर ती मुलगी तीन किलोमीटर न थांबता धावली. दोष तिच्या अंगी नव्हता, मुलगी असण्यात तर मुळीच नव्हता. दोष होता तो न मोजता धावावयास लावण्यात.

ही एकटीची कहाणी नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे सभागृहात डाव्या बाजूस बसलेल्या माझ्या भगिनींपैकी कितीजणींची तपासणी झाली आहे, हा प्रश्न आपण आज घरी जाऊन विचारावा. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये आपल्या देशातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. आपली भारतीयांची ठेवणही अशी की, वरकरणी सडपातळ दिसणाऱ्याच्या पोटावर चरबी साठते. म्हणून आपल्याकडील तज्ज्ञ कमरेची मर्यादा पुरुषास ९० आणि स्त्रीस ८० सेंटिमीटर सांगतात. एक साधी शिवणकामाची टेप घरात असली की ही तपासणी होते.

'पण अभ्यासाला वेळ कोठे उरतो?' असे पालक विचारतील. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले किमान माप आठवड्यास १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे आणि दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे आहे. पाच दिवस रोज अर्धा तास! जो मुलगा रोज दोन तास मोबाईलवर बोटे फिरवितो, त्याला अर्धा तास सापडत नाही, हे हिशेबात बसत नाही. आणि पदवीने मिळणारी नोकरी पुढे तीस-पस्तीस वर्षे ज्या शरीराने करावयाची, ते शरीर चाळिशीतच थकले, तर आजच्या या प्रशस्तिपत्रांचे मोल काय राहील?

पालकांना माझे तीन शब्द सांगणे आहे. मुलामुलीने असा विषय निवडला तर त्याला नावे ठेवू नका. त्याच्या आजारांची माहिती शिक्षकापासून लपवू नका. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून दमा किंवा फिट्स लपविणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्या लपवाछपवीची किंमत त्या मुलीनेच मोजली आहे. आणि तिसरे, मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नका, गुणपत्रिकेतही नको आणि मैदानावरही नको.

आपल्या संस्थेलाही एक विनंती आहे. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, तो उचितच आहे. त्या जोडीने पुढील वर्षापासून याच सभागृहात एक दिवस सर्व विद्यार्थ्यांची वजन, रक्तदाब आणि रक्तद्रव्य यांची तपासणी ठेवावी. समाजात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, व्यायामशिक्षक आहेत. त्यांनी एक दिवस द्यावा. आणि एक पारितोषिक असेही असावे, जे सर्वांत वेगाने धावणाऱ्यास नव्हे, तर वर्षभर आपली वही प्रामाणिकपणे ठेवून स्वतःच्या पुढे गेलेल्या मुलास व मुलीस मिळेल. त्या पारितोषिकासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति रक्कम मी आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेत पहिला येणारा एकच असतो. परंतु काल चालत होतो, आज धावतो आहे, असे म्हणण्याचा मान प्रत्येकाला मिळवता येतो. तो आपणा सर्वांना मिळो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करतो.