नळाचे पाणी आणि दोन समुद्र
(उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी इंदूर येथे झालेल्या पालकसभेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



सोमवारपासून शाळेची घंटा दीड महिना मुकी राहील. या दिवसांत पालक मला हमखास विचारतात, ‘बाई, सुट्टीत मुलांकडून काय करून घेऊ?’ हीरक महोत्सवी वर्षातील या सभेत मी त्या प्रश्नाचे उत्तर एका विषयापुरते देणार आहे. तो विषय भूगोल. हे उत्तर मला माझ्याच चुकीतून मिळाले, हे आधीच सांगते.

माझी मुलगी सात वर्षांची असताना एका उन्हाळ्यात मी तिला भूगोल शिकवण्याचा चंग बांधला. भिंतीवर भारताचा नकाशा लावला. रोज सकाळी राज्ये, राजधान्या, नद्या, पर्वत यांचे पाठांतर चाले. महिन्याभरात ती नद्यांची नावे उगमांसह एका दमात म्हणू लागली आणि पाहुण्यांपुढे माझी मान ताठ होऊ लागली. त्याच सुट्टीत आम्ही नाशिकला निघालो. मानपूरचा घाट उतरून गाडी खलघाटच्या पुलावर आली. खाली विस्तीर्ण पात्र होते. खिडकीला नाक लावून ती म्हणाली, ‘आई, केवढी मोठी नदी! हिला काही नाव आहे का?’

ती नर्मदा होती. तिचा उगम अमरकंटक येथे होतो, हे मुलीने आदल्याच दिवशी बिनचूक सांगितले होते. मी तिला नाव दिले होते, पण नदी दिली नव्हती. एम.ए., बी.एड. झालेल्या आईला हे सात वर्षांच्या मुलीकडून कळावे लागले.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की, लहान मुलाचा भूगोल घराच्या उंबरठ्यापासून सुरू व्हावा. नकाशा हा पाहिलेल्या जगाचा सारांश असतो. गोष्ट ऐकण्याआधीच तिचा सारांश हाती पडला, तर मूल तो पाठ करील; त्यात रमणार नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात मुलाला घर पावलांनी मोजू द्या. स्वयंपाकघर किती पावले, अंगण किती पावले, हे मोजून एका पावलाला वहीतला एक चौकोन धरून त्याने घराचा नकाशा काढावा. प्रमाण म्हणजे काय, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. दुपारी दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला सांगा. सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही, तर सुमारे पंचवीस मिनिटांनी पडते, हे मूल स्वतः शोधून काढील. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत. इंदूर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. मे महिन्यात ही आखूड सावली उत्तरेकडे पडते. कर्कवृत्त आपल्या थोडेसेच उत्तरेला असल्यामुळे जूनच्या पूर्वार्धात एका दुपारी ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. तो दिवस चुकवू नका.

बाजारात जाताना मुलाला बरोबर न्या. रत्नागिरीचा हापूस आणि आंध्रातला बदाम आधी येतात, गुजरातचा केशर येतो आणि लखनौकडचा दशहरी व बनारसचा लंगडा मागाहून येतात. आंब्याचा हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे कसा सरकतो, हे जिभेने शिकलेले मूल जन्मभर विसरत नाही.

आता पाण्याविषयी. आपल्या शहरातील बहुतेक नळांना नर्मदेचे पाणी येते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते पंपांनी चारशे मीटरांहून अधिक उंच चढवले जाते आणि विंध्य ओलांडून सुमारे ७० किलोमीटरांवरून आपल्या घरी पोहोचते. १९७८ पासून हे चालू आहे. नर्मदा अरबी समुद्राला मिळते. मात्र आपण वापरून सोडलेले पाणी कान्ह नदीच्या वाटेने क्षिप्रेला, तेथून चंबळेला, पुढे यमुनेला आणि प्रयागला गंगेला जाऊन मिळते. पश्चिम समुद्राकडे निघालेले पाणी आपल्या मोरीतून पूर्व समुद्राच्या वाटेला लागते! जमल्यास महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर एकदा जा. तिथे एका उतारावरचा पाऊस नर्मदेकडे जातो आणि दुसऱ्या उतारावरचा चंबळेकडे. हे समजलेल्या मुलाला ‘नळ बंद कर’ असे वारंवार सांगावे लागत नाही.

शेवटी मनातले थोडे बोलते. आपल्यापैकी अनेकांची घराणी होळकरांच्या काळात इथे आली. आजही घरात ‘आपले गाव’ म्हटले की कोकणातले किंवा देशावरचे नाव निघते. त्यात गैर काही नाही. पण पिढ्यान् पिढ्या माळव्याचे पाणी प्यालेले मूल या भूमीत पाहुण्यासारखे वाढू नये. त्याला अंगणातला काळा दगड दाखवा आणि सांगा, सह्याद्री ज्या लाव्हारसाच्या थरांतून घडला, त्याच थरांतून हा माळवाही घडला. आजोबांचे गाव आणि आपले घर एकाच खडकावर उभे आहे. मराठी शाळेने मुलाला भाषा द्यावीच, पण ती भाषा ज्या मातीवर बोलली जाते, ती मातीही ओळखीची करून द्यावी.

राजधान्यांची नावे पाठ व्हायला पुढे पुष्कळ वर्षे आहेत. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मी प्रत्येक वर्गात येऊन एकच प्रश्न विचारणार आहे : तुझ्या घरी पाणी कुठून येते आणि कुठे जाते? उत्तर शोधायला मुलाबरोबर आपणही घराबाहेर पडा, एवढीच विनंती.