शेतीशाळेचं निमंत्रण कुणाला?

(दहावी १९९५ च्या बॅचचा स्नेहमेळावा दिवाळीच्या सुट्टीत धुळ्यात झाला. त्यात केलेलं हे भाषण.)



तीस वर्षांनी शाळेच्या आवारात पाय ठेवला आणि पहिली नजर गेली ती फाटकाजवळच्या फळ्याकडे. अक्षर बरं होतं म्हणून नववी-दहावीत सुविचार आणि दिनविशेष लिहिण्याचं काम माझ्याकडे असायचं. एकदा आदल्या दिवशीचा दिनविशेष मी दुसऱ्या दिवशी लिहिला. बाई म्हणाल्या, "अक्षर छान आहे गं, पण तारीख गेली. पूस आता." आज मला या गेलेल्या तारखेबद्दलच बोलायचं आहे.

संयोजकांनी मला 'आयटीतले अनुभव' हा विषय दिला होता. त्यांची क्षमा मागून मी विषय बदलते. येत्या वर्षभरात आपल्या भागात शेतकऱ्यांसाठी शिबिरं, शेतीशाळा, मेळावे होतील. त्यांत आपल्या बॅचला करता येण्यासारखं एक काम आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर कापसाचं काय केलं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. पांझरेकाठच्या आमच्या गावी काकांचा पाच एकर कापूस होता. त्या दिवाळीत मी गेले तेव्हा काकूनं एक बोंड माझ्या हातावर ठेवलं. बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं तर आत अळी आणि रुईची कवडी झालेली. ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जातं, त्यामुळे वरून काही कळत नाही.

पण एक खूण आधी दिसते, फुलात. अळी असलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. तिला डोमकळी म्हणतात. काकूनं निंदताना अशी फुलं पाहिली होती, काकांना दाखवलीही होती. "पावसानं झालं असेल," असं म्हणून काका पुढे गेले. त्याच सुमाराला तालुक्याला बोंडअळीवर प्रशिक्षण झालं. त्याचा निरोप गावात एकाच्या मोबाइलवर आला आणि आमच्या घरी चार दिवसांनी पोचला. काकू तेव्हा जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे, "मीटिंग व्हई गई, आते सांगीसन काय उपेग?"

त्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचं कॉलेज सुटलं. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा नाव घातलं, हे तिचं धैर्य. पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

मी पुण्यात सॉफ्टवेअर करते. मला जे येतं ते मी केलं, म्हणजे एक ॲप लिहिलं. दोन महिन्यांचे रविवार त्यात गेले. कार्यक्रमाची तारीख, जागा, विषय, नकाशा, सगळं त्यात होतं. गावातल्या अठ्ठावीस जणांनी ते मोबाइलवर घेतलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर उघडणारे दोघंच उरले होते. एक मी आणि दुसरा माझा चुलतभाऊ, तोही माझ्या भिडेखातर.

कारण शोधायला मी काकूसमोरच बसले. तिच्याकडे बटणांचा फोन. घरातला मोठा फोन काकांच्या खिशात, आणि काका बाजारात. बरं, काकांच्या फोनवर तिचं नाव घालावं म्हटलं तर ॲप पुढेच जाईना. सातबाऱ्यावर आहे तसं नाव आणि गट क्रमांक भरल्याशिवाय नोंदणी होणार नाही, अशी अट मीच घातली होती. काकूचं नाव सातबाऱ्यावर नाही. चाळीस वर्षं त्या शेतात वाकलेली बाई माझ्या ॲपच्या लेखी शेतकरीच नव्हती. त्या दिवशी मला माझ्या डिग्रीची लाज वाटली.

आपल्या भूगोलाच्या सरांनी पांझरेवरच्या बंधाऱ्याकाठी उभं करून फड पद्धत शिकवली होती, आठवतं? गावच्या शेतकऱ्यांनीच पाण्याची व्यवस्था पाहायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी वाटायला पाटकरी. सर म्हणाले होते, "पाटकऱ्याला कुणाचं शेत किती मोठं याच्याशी देणंघेणं नाही. पाळी आली की पाणी त्या शेतात गेलंच पाहिजे." माझ्या ॲपमध्ये पाट होता, पाटकरी नव्हता.

मग आम्ही साधा उपाय केला. गावातल्या दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर फळा रंगवून घेतला. तिथे सकाळ-संध्याकाळ घरटी कुणी ना कुणी येतंच, बहुतेक वेळा बाया किंवा मुलं. बातमी मी पुण्याहून चुलत बहिणीला कळवते, ती फळ्यावर लिहिते, आणि आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर सांगते. पुढच्या हंगामात कापसाच्या शेतीशाळेला गावातल्या अकरा बाया आल्या. त्याआधी एकही येत नसे.

शेतीशाळा म्हणजे काय, ते शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १९८९ च्या सुमाराला इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्तानं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं ही पद्धत सुरू केली. वर्ग शेतात भरतो. तेच शेतकरी पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा जमतात, स्वतः मोजतात आणि स्वतःच ठरवतात. कापसात कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग आले की सावध व्हायचं. वीस झाडांची एकेक हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनांत अळी सापडली तर उपाय करायची वेळ आली. आमची काकू आता डोमकळी दिसली की तोडून पिशवीत टाकते आणि घरी आणून जाळते. तिला कुणाला विचारावं लागत नाही.

आता पुढच्या वर्षाचं बोलू. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. म्हणजे कार्यक्रम होणार, बॅनर लागणार, फोटो निघणार. समोरच्या खुर्च्यांवर कोण बसणार, हा खरा प्रश्न आहे. तो सुटावा म्हणून चार तारखा तुमच्यापुढे ठेवते.

पहिली ५ डिसेंबर, जागतिक मृदा दिन. निवृत्त गुरुजनांना माझी विनंती आहे, त्या दिवशी आपापल्या गावच्या शाळेत मातीचा नमुना कसा घ्यायचा ते मुलांना दाखवा. 'व्ही' आकाराचा खड्डा, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती वगळायची, सगळी मिसळून अर्धा किलो ठेवायची. मुलं घरी जाऊन आईला सांगतील.

दुसरी वेळ डिसेंबर संपतानाची. तेव्हा फरदड न ठेवण्याबद्दल बोललं पाहिजे, कारण तीच अळी उभ्या कापसावर पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. तिसरी वेळ मे महिन्याची. बागायती कापसाची लवकर लागवड टाळा, हे पेरून झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही. चौथी १ जुलै, आपल्या राज्याचा कृषी दिन. त्या आठवड्यात गावोगाव शेतीशाळेचे गट ठरावेत, आणि गटात निम्म्या बाया असाव्यात.

शिकवणारे दूर नाहीत. देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीला निघालं. आज आपल्या धुळ्याला आहे, जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला आहे, नंदुरबारला आहे. लोह जास्त असलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण घडवण्यात आपल्या राहुरी विद्यापीठाचा हात आहे. आणि शिकवायला नेहमी पदवीच लागते असंही नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. २०२५ साली पद्मश्री जाहीर झालेल्या चैत्राम पवारांच्या त्या गावात दर वर्षी वनभाज्यांची स्पर्धा होते. तिथे आदिवासी बाया रानभाज्या रांधतात, त्यांची माहिती सांगतात, आणि शिकलेसवरलेले पाहुणे ऐकून घेतात.

माझं मागणं फार नाही. आपल्या बॅचमध्ये कृषी सेवा केंद्रवाले आहेत, त्यांनी दुकानाची एक भिंत फळ्याला द्यावी. जीप-टेम्पोवाले आहेत, त्यांनी वर्षातून दोनदा बायांना कार्यक्रमाला नेऊन आणावं, कारण एसटीची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ जुळत नाही. ज्यांची ओळख कार्यालयांत आहे, त्यांनी तारीख आठ दिवस आधी मिळवावी. आणि आम्ही पुण्या-मुंबईचे, परदेशातले, ती तारीख प्रत्येक फळ्यापर्यंत पोचली का, हे फोन करून विचारू. माझं ॲप अजून आहे. त्यातली सातबाऱ्याची अट मी काढून टाकली आहे. आता त्यात फक्त फळे लिहिणाऱ्यांची यादी असेल.

यादीत आज एकच गाव आहे. जेवणानंतर मी त्या फाटकाजवळच्या फळ्यापाशी उभी राहणार आहे. ज्यांना आपल्या गावाचं नाव द्यायचं आहे, त्यांनी तिथे यावं. खडू मी आणला आहे.